पोफळीला सात वर्षं लागतात

वादळांची नावं हा एक मजेशीर प्रकार आहे. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून आपला जो भाग होतो, तिथल्या चक्रीवादळांना नावं द्यायला २००४ साली सुरुवात झाली. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावं दिली, ६४ नावांची यादी झाली. ती यादी पुरवून पुरवून वापरत शेवटी मे २०२० मध्ये 'अम्फान'पाशी संपली. नवी यादी तयारच होती. आता १३ देश, प्रत्येकी १३ नावं, एकूण १६९. या नव्या यादीतलं अगदी पहिलं नाव बांगलादेशाने दिलेलं होतं, ते म्हणजे 'निसर्ग'.

बंगालीत आणि मराठीत शब्द एकच, अर्थही एकच. त्यामुळे झालं काय, की ३ जून २०२० ला हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि कोकणातल्या माणसाला त्याबद्दल धड वाक्यही करता येईना. "निसर्गाने वाडी नेली" म्हटलं की ऐकणारा समजणार, हा आपला नेहमीसारखा देवाला नाहीतर नशिबाला बोल लावतोय. माझा मामा अजूनही "निसर्गात गेली" असं म्हणतो. श्रीवर्धन तालुक्यात त्याची नारळ-पोफळीची वाडी आहे. म्हणजे होती. म्हणजे आता परत आहे, पण...

असो. हा 'पण' जरा मोठा आहे, म्हणून आजची पोस्ट.

चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंगालचा उपसागर येतो. ओडिशा, आंध्र, बांगलादेश. ते बरोबरच आहे, कारण वर्षानुवर्षं अरबी समुद्रापेक्षा तिकडे कितीतरी जास्त वादळं होत आली आहेत. वादळाला लागतं काय? मुख्य म्हणजे गरम पाणी, साधारण २७ अंशांच्या वर आणि तेही चांगलं खोलवर. दुसरं म्हणजे खालचा वारा आणि वरचा वारा यांच्यात फार फरक नको, नाहीतर वादळाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी अवस्था होते आणि ते उभंच राहत नाही. ऐन पावसाळ्यात नेमकं हेच होतं. खाली नैऋत्येचा जोरदार वारा, वर पूर्वेचा. शिवाय मान्सूनच्या वाऱ्याने अरबी समुद्राचं पाणी ढवळून थंड होतं. म्हणून आपल्याकडे चक्रीवादळांचे दोन हंगाम पडतात. एक पावसाळ्याच्या आधी, एप्रिल ते जूनची सुरुवात. दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपला पावसाळा हा चक्रीवादळांच्या दृष्टीने मधल्या सुट्टीसारखा!

आणि अरबी समुद्रात जी वादळं होतात त्यातली बरीचशी वायव्येला ओमानकडे जातात, नाहीतर वळून गुजरातला धडकतात. कोकणाच्या वाट्याला क्वचित येतात. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आलं होतं, मच्छीमारांना त्याची चांगलीच आठवण आहे. पण वाड्या करणाऱ्या माणसाच्या डोक्यात चक्रीवादळ नावाची गोष्टच नव्हती. त्याच्या डोक्यात पाऊस होता, समुद्राचं उधाण होतं, माकडं होती, मजुरी होती. वादळ नव्हतं.

आता ३ जूनचा दिवस. अरबी समुद्राचं पाणी तेव्हा ३० अंशांच्या वर तापलेलं होतं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आता ११० हा आकडा ऐकून आपल्याला काही वाटत नाही, एक्स्प्रेस वेवर आपण याहून जोरात जातो (जाऊ नये, पण जातो). पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे आपण सगळेच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकून विसरलेलो आहोत. ताशी ६० च्या वाऱ्यापेक्षा १२० चा वारा दुप्पट नाही, चौपट जोराने ढकलतो.

मामा मात्र वेगाबद्दल बोलतच नाही. तो दिशेबद्दल बोलतो. "वारा आपल्याकडे समुद्रावरून येतो रे. झाडांना तो पाठ असतो. त्या दिवशी आधी डोंगराकडून आला." हे त्याने मला तीनदा तरी सांगितलं असेल. मी नंतर कागदावर आकृती काढून बघितली. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. नैऋत्येकडून येणाऱ्या वादळाच्या अगदी पुढ्यात तुम्ही असाल तर आधी वारा आग्नेयेकडून येणार, म्हणजे डोंगराच्या बाजूने. मग केंद्र डोक्यावरून जाणार, थोडा वेळ सगळं थांबल्यासारखं होणार. आणि मग वारा एकदम वायव्येकडून, म्हणजे समुद्रावरून. मामाचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर! नैऋत्येच्या वाऱ्याला टेकून वर्षानुवर्षं वाढलेली झाडं आधी उलटीकडून हलवली गेली आणि मुळं सैल झाल्यावर समुद्राकडून ढकलली गेली.

पोफळ हे झाड ज्यांनी जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. चाळीस-पन्नास फूट उंच, हाताच्या दोन पंजांत मावेल एवढं बारीक खोड आणि वर छोटासा तुरा. पाडेली एका झाडावर चढतो आणि वरच्या वर झोका घेऊन दुसरं झाड पकडतो, इतकी ती लवचिक असतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, तिथे कृषी विद्यापीठाचं सुपारीचं संशोधन केंद्रही आहे. ही झाडं वाडीत दाटीने, एकमेकांच्या सावलीत उभी असतात. नेहमीच्या वाऱ्यात ही दाटी त्यांना वाचवते. पण एकदा का मध्ये एखादा माड आडवा झाला, की तो जाताना दहा-बारा पोफळी घेऊनच जातो.

मामाची वाडी १८ गुंठे. त्यात अडीचशेच्या आसपास पोफळी, वीसेक माड, थोडी जायफळं, मिरीचे वेल. ३ जूनच्या संध्याकाळी त्यातल्या चाळीस पोफळी आणि सहा माड उभे होते.

हे सगळं आम्हाला पुण्यात कळलं ते आठव्या दिवशी, कारण तोपर्यंत फोनच लागत नव्हता. आई रोज सकाळी उठून पहिला फोन लावायची आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकून ठेवायची. बंदरांवर वादळाचे बावटे लावतात ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल, "तीन नंबरचा बावटा लागला" वगैरे. त्यांचे नंबर १ ते ११ असतात. १० म्हणजे सगळ्यात मोठा धोका. मग ११ कशाला, असा प्रश्न मला पडला होता. तर ११ चा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी असलेला संपर्कच तुटला आहे. म्हणजे सर्वांत भयंकर वादळाच्याही वरचा नंबर 'काही कळत नाही' याला दिलाय. (युनिक्सवाल्यांनी हसायला हरकत नाही, आपल्याकडेही सिग्नल ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्टच.) आईचे ते आठ दिवस बघितल्यावर हा नंबर कुणीतरी विचार करून दिला असणार असं मला वाटतं.

जूनच्या शेवटी ई-पास काढून मी आणि बाबा ताम्हिणीमार्गे गेलो. गाडीत ताडपत्र्या, मेणबत्त्या, दोन पॉवर बँका आणि आईने दिलेला भला मोठा डबा. वीज नव्हतीच, ती यायला पुढे अजून काही आठवडे गेले. घराची निम्मी कौलं गेलेली. पण मला सगळ्यात विचित्र वाटला तो उजेड. मामाच्या वाडीत भर मे महिन्यातही दुपारी अंधारल्यासारखं असायचं. लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा सुपारीच्या विरीवर एकाला बसवून दुसऱ्याने ओढायचा खेळ त्या सावलीत तासन् तास चालायचा. आता तिथे डोळे दिपतील असं ऊन, आणि थेट पलीकडच्या आळीतली घरं दिसत होती. मामी म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी राहतात, पण त्यांचं मागचं दार मी पहिल्यांदाच बघितलं."

हा उजेडच पुढे मोठा प्रश्न होणार होता, ते मामाने समजावलं. पोफळीचं रोप उन्हात जगत नाही. पहिली काही वर्षं त्याला सावली लागते, नाहीतर पानं आणि खोड करपतं. एरवी वाडीत एखादी पोफळ म्हातारी झाली की तिच्या शेजारी रोप लावायचं, ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. एकेक करून वाडी बदलत राहते, पण कधी संपत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम बंद न करता एकेक सर्व्हर बदलायचा! पण सगळेच सर्व्हर एका दुपारी गेले तर? तर आधी केळी लावायची, ती वाढून सावली होईपर्यंत थांबायचं, मग त्या सावलीत पोफळीचं रोप लावायचं, आणि मग पाच ते सात वर्षं वाट बघायची. माडाचंही जवळपास तसंच.

आता सरकारी मदतीचा हिशेब. तक्रार म्हणून नाही, पण गणित करून बघण्यासारखं आहे. निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांसाठीची मदत वाढवली आणि हेक्टरी ५० हजार रुपये केली. वाढवली हे चांगलंच झालं. पण एक हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. मामाचे १८ गुंठे, म्हणजे ९ हजार रुपये. अडीचशे पोफळींनी भागा, झाडामागे ३६ रुपये. माड आणि जायफळं धरलेलीच नाहीत. पडलेली खोडं तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी याहून जास्त होती. "झाडामागे मदत द्या" ही मागणी तेव्हा कोकणात सगळीकडून झाली ती यामुळेच. हेक्टर हे एकक भाताला, उसाला ठीक आहे. एका गुंठ्यात चौदा झाडं आणि झाडावर मिरी असा चार मजली संसार करणाऱ्या वाडीला ते लागूच पडत नाही. चुकीचं एकक घेतलं की बरोबर सूत्रातूनही भलतंच उत्तर येतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

याच सुमारास हापिसातल्या एका मित्राशी बोलणं झालं. तो ओडिशातल्या जगतसिंहपूर जिल्ह्यातला. २९ ऑक्टोबर १९९९ ला जे महाचक्रीवादळ आलं ते याच जिल्ह्यात, पारादीपजवळ. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटर, आणि समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत घुसलेलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. मित्र तेव्हा दोन वर्षांचा होता, त्याला आठवत काहीच नाही. पण त्याच्या घरी काळाचे दोनच भाग आहेत, वादळाआधी आणि वादळानंतर.

त्यानंतर ओडिशाने जे केलं ते खरंच शिकण्यासारखं आहे. देशात कुठल्याच राज्यात नव्हतं तेव्हा, १९९९ च्या अखेरीलाच, त्यांनी आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळं प्राधिकरण काढलं. किनाऱ्यावर खांबांवर उभे असलेले पक्के निवारे बांधले, आता ते आठशेहून जास्त आहेत. त्यातल्या कितीतरी इमारतींत एरवी शाळा भरते. हे फार हुशारीचं आहे. नुसता निवारा बांधला असता तर दहा वर्षांत त्याचं दार गंजलं असतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं. शाळा असल्यामुळे वाट लहान पोरालाही पाठ असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आलं, ताशी २०० किलोमीटरच्या वरचं. जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते, बळी पन्नासच्या आत राहिले. मे २०१९ मध्ये 'फनी' पुरीला धडकलं, बारा लाखांच्या आसपास लोक हलवले, ६४ गेले. १९९९ चे दहा हजार आठवा आणि मग हे आकडे बघा.

मित्र सांगत होता, फनीच्या वेळी त्याने पुण्यातून घाबरून घरी फोन लावला तर आई म्हणाली, "आता बोलायला वेळ नाही, शाळेत चाललेय." जशी काही पालकसभा आहे!

महाराष्ट्रातही निसर्गच्या वेळी इशारे वेळेवर मिळाले, हजारो लोकांना हलवलं, आणि तेही करोनाच्या दिवसांत. बळींचा आकडा दहाच्या आत राहिला. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, किनाऱ्यावरचे लोक बऱ्यापैकी वाचले. पण समुद्रात, मुंबईपासून दूर बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तरहून जास्त कामगार गेले. इशारा काही दिवस आधीच दिला गेला होता. म्हणजे इशारा नुसता देऊन भागत नाही, तो ऐकून हलता आलं पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी'त नेमका उलटा अनुभव आला होता. तेव्हा समुद्रात सापडलेल्या केरळच्या साठहून जास्त बोटी पार सिंधुदुर्गात देवगड बंदरापर्यंत येऊन पोचल्या आणि साडेनऊशेच्या आसपास मच्छीमार वाचले. ज्यांना बंदर गाठता आलं ते जगले.

इथे मला या सगळ्याचा धागा सापडल्यासारखा वाटला. गेल्या पंचवीस वर्षांत आपण जे शिकलो ते सगळं हलण्याबद्दलचं आहे. उपग्रह, रडार, ७२ तास आधीची सूचना, मग ४८, मग २४, मोबाईलवरचे संदेश, निवारे... हे सगळं कशासाठी? जे हलू शकतं ते वेळेत हलावं म्हणून. आणि ते आपल्याला जमलंय, त्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण पोफळीला ७२ तास आधी कळून काय उपयोग? तिला सात दिवस आधी सांगितलं तरी ती तिथेच उभी राहणार. जे हलू शकत नाही त्याच्यासाठी इशारा हे उत्तरच नाही. त्याच्यासाठी प्रश्न एकच आहे, परत उभं राहायला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळतो का.

त्या मित्राच्या घरी पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. (त्यांच्याकडे पान, आमच्याकडे सुपारी. आता फक्त चुनेवाला शोधायचा राहिलाय.) बांबू आणि गवत लावून केलेल्या मांडवात तो असतो. वादळ आलं की तो भुईसपाट होतो, दर वेळी होतो. पण मांडव परत घालता येतो, वेल परत लावता येतात आणि वर्षभरात पानं हाताशी येतात. कर्ज होतं, हाल होतात, पण वर्षभरात माणूस परत बाजारात उभा असतो. ज्या किनाऱ्यावर वादळं वारंवार येतात तिथली शेती बहुधा अशीच असणार, लवकर पडणारी आणि लवकर उठणारी. कोकणातली वाडी मात्र वादळ येत नाही हे गृहीत धरून केलेली आहे. पणजोबाने लावायची, नातवाने खायची. आपल्याकडे सर्व्हर पडला तर तो किती तासांत परत आला पाहिजे हे करारात लिहिलेलं असतं. पोफळीच्या करारात सात वर्षं लिहिली आहेत. वादळं पन्नास वर्षांतून एकदा येणार असतील तर सात वर्षं चालतात. दर दहा वर्षांनी यायला लागली तर सात वर्षं म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य दुरुस्तीतच गेलं.

मग दर किती वर्षांनी? पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. त्यातली अति तीव्र वादळं १५० टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात मात्र याच काळात ८ टक्क्यांची घट. कारण मुख्यतः समुद्राचं तापणं. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातलं 'क्यार' तर महाचक्रीवादळ झालं. ते ओमानच्या दिशेने गेलं आणि समुद्रातच विरलं, म्हणून आपल्या लक्षातही नाही.

मामाने ऑगस्ट २०२० मध्येच केळी लावली होती. ती चांगली डोक्याच्या वर गेली, आता येत्या पावसाळ्यात पोफळीची रोपं लावायची असं ठरलं. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर, लांबून गुजरातकडे गेलं, पण जाता जाता निम्म्याहून जास्त केळी झोपवून गेलं. निसर्गला अजून वर्षही झालं नव्हतं.

त्या वेळी घरात खरा वाद झाला. मामेभाऊ मुंबईत असतो. त्याचं म्हणणं, आता बास. रस्त्याला लागून १८ गुंठे आहेत, कुणीतरी हॉटेलसाठी विचारत होतंच, देऊन टाकू आणि तुम्ही दोघं पनवेलला या. त्याचं चूक होतं असं मला वाटत नाही. मामा साठीला आलेला, मामीचे गुडघे दुखतात. सात वर्षांनी फळ देणारं झाड साठीतल्या माणसाने कुणासाठी लावायचं?

मामाने मला फोन केला. वाद माझ्यावर सोपवायला नाही, आकडे विचारायला. "तू तो अभ्यास वाचलायस म्हणालास ना. त्यात पुढचं वादळ कधी लिहिलंय?"

मी म्हटलं, "मामा, तसं त्यात नसतं. समुद्रात वाढलीत एवढं सांगता येतं. तुझ्या वाडीवर कधी येईल ते नाही सांगता येत."

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"कधी ते नाही. जास्त येणार ते माहीत आहे."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मग अर्धी वाडी येणार असं धरून लावतो आणि अर्धी येणार नाही असं धरून."

आणि त्याने खरंच तसं केलं. पुन्हा केळी उभी केली, आणि जून २०२२ मध्ये निम्म्या जागेत पोफळीची रोपं लावली. उरलेल्या निम्म्या जागेत मामीच्या हट्टाने केळी कायमची, जोडीला अळू, हळद आणि कडेला कोकम. केळी वर्षात पैसे देते. "पण केळीवर लग्न निघत नाही," असं मामा म्हणतो. मामी म्हणते, "आता घरात लग्नाचं उरलंय कोण? आठवड्याचा बाजार निघतो ना, तो बघ." समुद्राच्या बाजूला त्याने उंडीची झाडं लावली आहेत वाऱ्याला आडोसा म्हणून. तीही मोठी व्हायला वेळ घेणारच.

हा कुठल्याही पुस्तकातला प्लॅन नाही. पण मी जेवढे 'डिझास्टर रिकव्हरी' नावाचे डॉक्युमेंट बघितलेत, त्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मला हा प्रामाणिक वाटतो. पहिलं म्हणजे तो मान्य करतो की संकट परत येणार आहे. दुसरं म्हणजे किती काळ कमाईशिवाय काढता येईल याचा त्यात हिशेब आहे. आणि तिसरं, जे टिकवायचंय ते त्याने सोडलेलं नाही, फक्त निम्म्यावर आणलंय.

मला वाटतं सरकारी मदतीलाही हेच लागू व्हायला हवं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी किती पडलं ते मोजून एकदाच पैसे देण्यापेक्षा, परत उभं राहायला लागणारी वर्षं मोजायला हवीत. पानमळ्याला एक वर्ष, केळीला एक-दीड, पोफळीला सात. रोपं, सावलीच्या केळी आणि मधल्या रिकाम्या वर्षांसाठी थोडी थोडी का होईना दरवर्षी मदत. एक वर्ष लागणाऱ्याला आणि सात वर्षं लागणाऱ्याला एकाच दिवशी एकच चेक देऊन फाईल बंद करणं, यात पैसे कमी-जास्त हा प्रश्न नंतरचा, आधी काळाचा हिशेबच चुकतोय. आणि हे फक्त कोकणापुरतं नाही. फनीत पुरीकडचे नारळ पडले त्यांचंही तेच.

आपण शहरातली माणसं वादळ दोन दिवस बघतो. विंडी उघडून तो फिरणारा भोवरा बघायचा, किनाऱ्याला लागला की व्हिडिओ बघायचे, आणि 'जीवितहानी टळली' वाचून टॅब बंद करायचा. जीवितहानी टळणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण ती वादळाच्या गोष्टीतली पहिली ओळ आहे, बाकीची गोष्ट पुढे बराच काळ चालू असते.

तुमच्यापैकी बरेच जण लाँग वीकांताला दिवेआगर-श्रीवर्धनला जातात. यापुढे गेलात तर जिथे उतराल तिथल्या काकांना मोदकांसोबत एवढंच विचारा, "निसर्गात तुमची किती झाडं गेली आणि किती परत लावलीत?" ते आकड्यासकट सांगतील. मामाच्या रोपांना जून २०२९ मध्ये सात वर्षं होतील. तोपर्यंत एप्रिल-मेचे आणि ऑक्टोबर-डिसेंबरचे किती हंगाम पार करायचेत ते त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजून ठेवलंय. मामी म्हणते, मोजू नकोस, दृष्ट लागते.